नन्नाचा पाढा

त्याला सगळे होयबा म्हणायचे. कारखान्याच्या शेडमध्ये, गल्लीत, सासरच्या माणसांतसुद्धा. होयबा कशाला म्हणतात ते काही फोड करून सांगायला नको. साहेब म्हणाला दिवस तर दिवस, साहेब म्हणाला रात्र तर रात्र. आता हा माणूस जन्मात कुणाची हांजी हांजी करायला गेला नाही, कुणाच्या पुढेपुढे केलं नाही. पण नाव एकदा चिकटलं की ते काही साबणानं जात नाही. खरी गोष्ट एवढीच होती, की त्याला 'न' यायचा नाही.

तोतरेपणातही तऱ्हा असतात. कुणाचा 'क' अडतो, कुणाचा 'प'. ज्याचा 'ढ' अडतो त्याचं काय जातं हो? ढगाला आभाळ म्हणायचं, की सुटला. ह्याच्या वाट्याला आला 'न'. आणि आपल्या भाषेत नकाराला लागणारा एकेक शब्द नेमका ह्या 'न'च्याच दारात उभा: नाही, नको, नव्हतं, नसेल. 'न' म्हणायला गेला की जीभ टाळूला चिकटायची, मानेच्या शिरा फुगायच्या, डोळे आपोआप मिटायचे, आणि समोरचा एक तर हसायचा किंवा घड्याळ बघायचा. मग हा स्वतःची सुटका करून घ्यायचा एकाच शब्दानं. हो. 'हो'ला जीभ कुठं टेकवावीच लागत नाही, नुसता श्वास सोडला की झालं.

शाळेत मास्तरांच्या खुर्चीचा पाय मोडला. मास्तरांनी विचारलं, "तू मोडलास?" वर्गातली चाळीस तोंडं वळली. न... न... न... मागच्या एकानं बाकावर पट्टीनं ठेका धरला. शेवटी हा म्हणाला, "हो." मार खाल्ला. घरी वडिलांनी विचारलं, "खरंच का रे तू मोडलास?" पुन्हा तेच, पुन्हा मार. आई बिचारी मध चाटवायची. काका भेटला की पाठीवर थाप मारून म्हणायचा, "सावकाश बोल की लेका जरा." ह्या 'सावकाश बोल'वाल्यांना एकदा रांगेत उभं करून विचारायला हवं, की बाबांनो, पडत्या माणसाला 'पडू नकोस' असं सांगितल्यानं तो पडायचा थांबतो का?

पुढे त्यानं पळवाटा शोधल्या. 'नको'च्या जागी 'पुरे' किंवा 'राहू दे'. 'नाही'च्या जागी 'छे' आणि 'कुठलं काय'. लोकांना वाटायचं, गडी मोठा मजेशीर बोलतो. पण जिथं सरळ नकारच लागायचा, तिथं 'हो' ठरलेला. वडील गेल्यावर मोठा भाऊ म्हणाला, "ही खोली मीच ठेवतो. चालेल ना तुला?" चालणार कसलं? पण भावजय चहाचा कप धरून समोर उभी, भावाचा एक पाय दाराबाहेर. हा म्हणाला, "हो." अन् भाड्याच्या खोलीत गेला.

लग्नानंतर बायकोनं आठ दिवसांत त्याचं कोडं सोडवलं. ती काही फार शिकलेली होती अशातला भाग नाही, पण लक्ष देणारी होती. "आणखी वाढू का?" म्हटलं की नवरा 'हो' म्हणतो आणि ताटाकडे बघून कसनुसं तोंड करतो, हे तिनं हेरलं. नवव्या दिवशी तिनं प्रश्नच उलटा केला. "अहो, आणखी नकोय ना?" तो तिच्याकडे बघत राहिला. "हो," म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवसापासून त्या घरात प्रश्न उलटे विचारायची रीत पडली. "तुम्हाला यायचं नाहीये ना?" "हो." "हा शर्ट आवडला नाही ना?" "हो." पाहुण्यांना ह्यातलं काय कळणार? पाहुण्यांसमोर ती सवयीनं नवऱ्याला विचारायची, "चहा नकोय ना?" आणि पाहुणे घरी जाऊन सांगायचे, बाई एक नंबरची चिक्कू आहे, नवऱ्याच्या तोंडातला चहासुद्धा काढून घेते. तिनं ते बोलणंही मुकाट्यानं ऐकून घेतलं.

आणि मग शेड. कापडाचा कारखाना, एका छपराखाली एकशेवीस माग, प्रत्येकाचा धागा वाहणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा इकडून तिकडे आपटणार. पहिल्या दिवशी नवी माणसं कानावर हात ठेवून बाहेर पळतात. हा पळाला नाही. दुपारी धागा तुटला म्हणून तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि जागच्या जागी थिजला. तो "नाही जमत" म्हणाला होता. घशाला हात लावून त्यानं पुन्हा म्हणून बघितलं. नाही. नको. नव्हतं. सगळं लोण्यासारखं बाहेर येत होतं! त्या खडखडाटात त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्याच कानाला ऐकू येत नव्हता, आणि कानानं पहारा सोडला की जीभ घाबरायचं सोडते. हे कारण त्याला फार पुढे कळलं. तेव्हा त्याला एवढंच कळलं, की ह्या छपराखाली आपण धड माणूस आहोत.

लोक नन्नाचा पाढा लावतात म्हणजे नकाराचा हेका धरतात. ह्यानं खरोखरीचा पाढा केला. मागांमधून फिरताना रोज म्हणायचा: नाही, नको, नव्हतं, नसेल, नाहीच, नकोच, नाही म्हणजे नाही! कंपनीनं कानात घालायला बोळे दिले होते. बाकीचे ते घालायचे नाहीत, कारण कान खाजतात. हा घालायचा नाही, कारण बोळे घातले की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायचा आणि 'न' पुन्हा अडायचा. ते बोळे बावीस वर्षं त्याच्या खुंटीवरच्या पिशवीत पडून राहिले. ज्या आवाजानं त्याला तोंड दिलं, तोच आवाज दर दिवशी त्याचे कान कुरतडत होता. पण शेडमध्ये सगळेच एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे, तेव्हा कान गेले काय अन् राहिले काय, कोण विचारतो?

शेजारच्या मागांवर पैलवान होता. पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस. म्हणूनच ते नाव. ओठ वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. होयबाचा पाढा जगात एकट्या पैलवाननं पाहिला होता. माग सोडून तो समोर यायचा आणि हसत हसत ओठ हलवायचा, "काय रे लबाडा, इथं नाही-नाही म्हणतोस आणि बाहेर साहेबासमोर गरीब गाय होतोस!" त्याला वाटायचं हे सोंग आहे, आणि त्या सोंगाचं त्याला कौतुकच होतं. होयबानं समजावून सांगायचा प्रयत्न कधी केला नाही. शेडबाहेर ते सांगता येत नव्हतं, आणि शेडमध्ये सांगण्याइतका वेळ कुणाला होता? पैलवानचा स्वतःचा घसा गेलेला होता. वर्षानुवर्षं मागांवरून ओरडून ओरडून आवाज असा बसला, की बोलला तर लाकडावर कानस घासल्यासारखं ऐकू यायचं.

मागाच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. पैलवानच्या मागाचा पट्टा सारखा घसरायचा. दर खेपेला जाळी उघडायची, पट्टा चढवायचा, जाळी लावायची, ह्यात माग बंद राहतो. जॉबर, म्हणजे त्या रांगेचा मुकादम, एक दिवस वैतागला आणि त्यानं जाळी काढून बॉबिनच्या पेटीमागे टाकली. पंधरा दिवस ती तिथंच होती. सोळाव्या दिवशी पट्ट्यानं पैलवानची बाही ओढली. पैलवान ओरडला असेल, पण त्याचा तो आवाज! होयबानं फक्त उघडलेलं तोंड पाहिलं. तो मेन स्विचकडे धावला. माग थांबेपर्यंत उजव्या हाताची चार बोटं गेली होती. पैलवानला बाहेर नेल्यावर पाचच मिनिटांत जॉबरनं जाळी पेटीमागून काढली, पुसली आणि जागेवर बसवली. हे होयबानं धडधडीत पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं, पण चौकशी लागल्यावर त्यांचं सगळ्यांचं लक्ष त्या वेळी कुठं ना कुठं दुसरीकडेच होतं.

म्हणजे सगळं येऊन ठेपलं होयबाच्या जबानीवर. जाळी नव्हती असं ठरलं, तर चूक कंपनीची. पैलवानला भरपाई आणि बसून करायचं काम. जाळी होती असं ठरलं, तर चूक पैलवानची, आणि तो रस्त्यावर.

तीन दिवस नवरा-बायकोनं तयारी केली. 'न' कुठंच येणार नाही असं वाक्य तिनं जुळवलं: "जाळी पेटीमागे टाकली होती." चुलीपुढे, अंथरुणावर, रस्त्यानं जाताना तो ते म्हणत होता. चौकशीच्या खोलीत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता, आणि शांतता म्हणजे होयबाचा वैरी. आधी पैलवानला बोलावलं होतं. "मोठ्यानं बोला," "नीट बोला," असं दहादा म्हणून शेवटी कारकुनानं टाइप केलं: जबानी अस्पष्ट. पैलवान हाताला बँडेज गुंडाळून बाहेर बाकावर बसला होता.

"शेजारच्या मागावर तुम्हीच होता?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो."

"अपघात पाहिलात?"

"हो. जाळी पेटी..."

"थांबा. विचारेन तेवढंच सांगा. हो किंवा नाही. सगळ्यांच्या कहाण्या ऐकत बसलो तर संध्याकाळ होईल." कारकून हसला. अधिकाऱ्यानं कागद उलटला आणि कागदात तोंड खुपसूनच पुढचा प्रश्न टाकला. होयबाला त्याचे ओठ दिसले नाहीत. पण शब्द त्याला स्पष्ट ऐकू आले: "जाळी जागेवर नव्हती ना?"

त्याच्या अंगावर काटा आला. हा तर बायकोचा प्रश्न! उलटा विचारलेला, त्याच्या मापाचा. ह्या कोरड्या खोलीत, ह्या घाईच्या माणसाला कसं सुचलं असेल? होयबा खुर्चीत ताठ झाला आणि आयुष्यात कधी म्हणाला नव्हता इतक्या मोठ्यानं म्हणाला, "हो!"

"खात्री आहे?"

"हो, हो!"

कारकुनानं टाइप केलं, भराभरा वाचून दाखवलं, कागद पुढे सरकवला. त्यानं सही ठोकली. वाचून बघायला हवं होतं, हे आता तुम्ही-आम्ही म्हणतो. त्या क्षणी तो वाचायच्या मनःस्थितीत नव्हता. तो आनंदात होता. बाहेर येऊन त्यानं पैलवानला अंगठा दाखवला. पैलवान धडधाकट हातानं त्याचा खांदा दाबून हसला.

महिन्यानं फळ्यावर निकाल लागला. शेजारी काम करणाऱ्या कामगारानं जाळी जागेवर असल्याचं निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. सबब अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. होयबानं तो कागद चारदा वाचला. भोवतीची माणसं बाजूला सरकली. कुणीतरी म्हणालं, "होयबाच तो, दुसरं काय म्हणणार?" संध्याकाळी तो पैलवानकडे गेला, तर पैलवानच्या बायकोनं दारातूनच पाण्याची बादली त्याच्या पायाशी ओतली आणि दार लावून घेतलं.

बायकोनं स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला. चौकशीच्या कचेरीत सांगितलं, निकालानंतर जबानी बदलत नाही. काही वैद्यकीय कारण असलं तर दाखला जोडा आणि कंपनीमार्फत पाठवा. म्हणून दोघं मोठ्या दवाखान्यात वाचा-श्रवण विभागात गेली. तिथल्या बाईंनी त्याला काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. सूक्ष्म आवाज आला की दाबायचं. तो बटण हातात धरून वाट बघत बसला, आणि बाहेर बसलेल्या बायकोला दिसत होतं की बाई आवाज पाठवताहेत आणि नवरा वाट बघतोय. मग बाईंनी जबानीची नक्कल वाचली, तोच कागद तोंडापुढे धरला आणि म्हणाल्या, "मी म्हणेन ते म्हणा. जागेवरच होती."

होयबा म्हणाला, "जागेवर न... न..."

"राहू द्या, समजलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद खाली घेतला. "च, स, श, ही बारीक अक्षरं तुमच्या कानांतून गेली आहेत. वर्षानुवर्षांच्या आवाजानं जातात, ती परत येत नाहीत. 'जागेवरच होती' ह्यातला 'च' काढा, काय उरतं? नुसतं 'जागेवर... होती'. मधलं भोक मन भरून काढतं, आणि मनाला जे हवं असतं तेच भरतं." मग त्यांनी त्याच्या बोलण्याविषयीही सांगितलं. हा भित्रेपणा नाही, अक्कल कमी नाही. मारून जात नाही अन् मध चाटून जात नाही. खडखडाटात तो नीट बोलायचा ह्याचंही त्यांना नवल वाटलं नाही, अनेकांचं तसं होतं म्हणाल्या. 'न'ला जीभ हलकेच लावायची, श्वास आधी सोडायचा, आणि मुख्य म्हणजे अडलं तर अडू द्यायचं, दुसऱ्या शब्दामागे दडायचं नाही. पैलवानच्या घशाचं ऐकून त्या म्हणाल्या, त्यांनाही आणा, ओरडून गाठी येतात, बऱ्याचदा बऱ्या होतात. बेचाळिसाव्या वर्षी हे सगळं कुणीतरी पंधरा मिनिटांत सांगितलं. होयबाला रडू आलं नाही, संताप आला. शाळेपासून इथवर एकालाही हे ठाऊक नव्हतं?

दाखला घेऊन तो कंपनीच्या ऑफिसात गेला. साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्हीच लिहून आणलंत?"

"हो."

"मग हो, असा माणूस मशीनवर कसा ठेवायचा? उद्या तुमचा हात गेला म्हणजे?" साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, दाखला मात्र फाइलला लावून घेतला. "जबानीवर सही तुमचीच आहे ना?"

"हो."

"मग तो विषय संपला. हिशेब पुढच्या आठवड्यात घेऊन जा."

ज्या कागदानं पैलवानला सोडवायचं, त्याच कागदानं ह्यालाही बाहेर काढलं. आता राहिलं काय? पैलवानला तोंडानं सांगणं तेवढं राहिलं. दीड महिना तो दवाखान्यात जात होता, घरी आरशासमोर बसत होता. बायको समोर बसून सरळ प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायची. कधी मिनिट लागायचं, कधी तीन. पण येत होतं. शांत खोलीत, स्वतःच्या कानांदेखत, 'नाही' येत होतं.

एका सकाळी दोघं पैलवानच्या दारात जाऊन उभी राहिली. ह्या खेपेला पैलवाननंच दार उघडलं. उजवा हात त्यानं खिशात घातला होता. होयबानं श्वास सोडला, जीभ हलकेच टेकवली. न... न... मान ताठली, डोळे मिटायला लागले, त्यानं ते उघडे ठेवले. तो 'छे' म्हणाला नाही, 'हो' म्हणाला नाही, पळाला नाही. पैलवान बघत होता. शेडमध्ये रोज सर्रास पाहिलेला तो शब्द असा रक्त ओकत बाहेर येताना तो पहिल्यांदाच बघत होता.

"न-न-नव्हती," होयबा म्हणाला. "जाळी नव्हती. मी तसं म्हटलं न... नाही."

पैलवानचा चेहरा हलला. त्यानं मान फिरवली, बहुधा डोळे दिसू नयेत म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून त्या फुटक्या आवाजात काहीतरी विचारलं. प्रश्न होता एवढं होयबाला कळलं. ओठ दिसत नव्हते. कानांवर नुसती खरखर आली. इतक्या कष्टानं उघडलेलं दार लागू नये म्हणून, मित्र बोलला ह्याच्या आनंदात, बेचाळीस वर्षांच्या सवयीनं, तो म्हणाला, "हो."

पैलवान वळला. त्यानं होयबाकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डाव्या हातानं दार लावलं. आतून कडी घातली.

होयबा बायकोकडे वळला. "काय म्हणाला तो?"

तिनं त्याला दारापासून बाजूला घेतलं. मग त्याला दिसेल असं तोंड समोर धरून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ते म्हणाले, जॉबरनं पढवलं तेच तू तिथं बोललास, होय ना?"